पर्पेतुआ : कार्थेजच्या तुरुंगात लिहिणारी आई

रानजाई
शुक्र, ०७/०३/२०२५ - ११:४२

आज ७ मार्च. इ.स. २०३ मध्ये याच तारखेला आजच्या ट्युनिशियातल्या कार्थेजच्या रिंगणात विबिया पर्पेतुआ नावाच्या बाईला आधी मारक्या गायीपुढे टाकलं आणि मग तलवारीने संपवलं. गुन्हा काय, तर ख्रिस्ती असल्याचं नाकारत नव्हती. अशा कथा संतचरित्रांत ढिगाने सापडतात, आणि त्यातल्या बऱ्याच माझ्याच्याने वाचवत नाहीत. कुणी उकळत्या तेलातून हसत बाहेर येतो, कुणी स्वतःचं छाटलेलं डोकं हातात घेऊन चालू लागतो. पर्पेतुआचं तसं नाही. अटकेपासून मरणाच्या आदल्या दिवसापर्यंतचं तिने स्वतः लिहून ठेवलंय, लॅटिनमध्ये. ख्रिस्ती बाईच्या हातचं जे अगदी सुरुवातीचं लिखाण टिकलं, त्यात हे मोडतं.

काळ सेप्टिमियस सेव्हेरसचा. सम्राट स्वतः आफ्रिकेतला, आजच्या लिबियातल्या लेप्टिस माग्ना गावचा. रोमने इ.स.पू. १४६ मध्ये बेचिराख केलेलं कार्थेज तोवर पुन्हा उभं राहून रोमन आफ्रिकेचं मुख्य शहर झालं होतं. ख्रिस्ती लोकांची सरसकट धरपकड तेव्हा नव्हती. त्रास व्हायचा तो अधूनमधून, गावागणिक, वरच्या अधिकाऱ्याच्या मर्जीप्रमाणे. सेव्हेरसने नव्या धर्मांतरांवर बंदी घातल्याचं एका जुन्या इतिहासात आहे, पण त्या इतिहासावर आजचे अभ्यासक फारसे विसंबत नाहीत.

पकडले गेले ते सगळे बाप्तिस्म्याची तयारी करणारे नवखे. रेवोकातुस आणि फेलिसितास हे गुलाम, सातुर्निनुस, सेकुंदुलुस आणि पर्पेतुआ. त्यांना शिकवणारा सातुरुस तेव्हा तिथे नव्हता, तो मागाहून आपणहून हजर झाला. पर्पेतुआ चांगल्या घरातली, शिकलेली, रीतसर लग्न झालेली, वय २२ च्या आसपास. मुलगा अंगावर पिणारा.

तुरुंगाबद्दल ती जे लिहिते त्यात शौर्याचा आव नाही. घाबरले म्हणते, असला काळोख कधी पाहिला नव्हता. गर्दीमुळे उकाडा, शिपायांची पैशांसाठी दमदाटी, आणि सगळ्यावर ताण म्हणजे बाळाची काळजी. तेर्तिउस आणि पोम्पोनिउस या दोन डीकननी (चर्चच्या सेवकांनी) चिरीमिरी देऊन कैद्यांना काही तास जरा बऱ्या जागेत हलवून घेतलं. तिथे तिने भुकेने मलूल झालेल्या पोराला पाजलं. पुढे बाळाला जवळ ठेवायची परवानगी मिळाली आणि तिच्या शब्दांत, तुरुंगाचा एकदम राजवाडा झाला.

पण या लिखाणाचा जीव कुठे असेल तर तो तिच्या बापात आहे. घरात तेवढाच तिच्याविरुद्ध. पहिल्या भेटीत ती त्याला समोरचं भांडं दाखवते: या तांब्याला तांब्याशिवाय दुसरं काही म्हणता येईल का? मग मीही जी आहे तेच मला म्हणावं लागणार. तो इतका भडकतो की डोळेच उपटणार असा तिच्या अंगावर धावून जातो. तो काही दिवस फिरकला नाही तेव्हा बरं वाटलं, असंही ती बिनदिक्कत लिहिते.

दुसऱ्या खेपेला मात्र म्हातारा पार खचलेला. माझ्या पिकल्या केसांची दया कर, सगळ्या भावांपेक्षा तुझे जास्त लाड केले, लोकांत तोंड दाखवायला जागा ठेवणार नाहीस, तुझ्या पोराकडे बघ, ते तुझ्यामागे जगायचं नाही. तिचे हात चुंबतो, पाया पडतो, मुलगी न म्हणता बाईसाहेब म्हणतो. सुनावणीच्या दिवशी तो बाळाला घेऊनच चौकात येतो. तिथला प्रोकॉन्सल, म्हणजे प्रांताचा मुख्य अधिकारी, वारलेला असल्यामुळे काम हिलारियानुस नावाचा प्रोक्युरेटर (सम्राटाचा कारभारी) बघत होता. तोही सांगतो, बापाकडे बघ, लेकराकडे बघ, सम्राटांच्या कल्याणासाठी एक आहुती टाक आणि मोकळी हो. ती म्हणते, नाही करणार. तू ख्रिस्ती आहेस? हो, आहे. बाप पुन्हा मध्ये पडतो तेव्हा हिलारियानुस त्याला ढकलून द्यायला सांगतो आणि काठी बसते. ती लिहिते की तो फटका जणू मलाच बसला.

मध्येमध्ये तिला पडलेली स्वप्नं आहेत. पितळेची अरुंद शिडी आभाळापर्यंत गेलेली, दोन्ही बाजूंना तलवारी, भाले, आकडे, पायथ्याशी अजगर. सातुरुस आधी चढतो. ती अजगराच्या डोक्यावर पाय देऊन पहिली पायरी चढते. वर मोठी बाग, पांढऱ्या केसांचा एक धनगर मेंढ्यांचं दूध काढतोय. तो तिला त्या दुधाच्या चीजचा घास देतो, ती ओंजळीत घेऊन खाते, सगळे आमेन म्हणतात आणि त्या आवाजाने तिला जाग येते तेव्हा तोंडात काहीतरी गोड घोळत असतं.

खेळांच्या आदल्या दिवशी ती लिहिणं थांबवते. आतापर्यंतचं मी लिहिलं, खेळात काय होईल ते कुणाला लिहायचं तर लिहू दे. पुढचं दुसऱ्या कुणीतरी लिहिलं. हा अनामिक माणूस म्हणजे कार्थेजचाच ख्रिस्ती लेखक तेर्तुलियन असावा असं पूर्वी बरेच जण मानायचे, आता फार कुणी ठासून सांगत नाही.

रिंगणाचं वर्णन त्याचंच. पुरुषांना सॅटर्न देवाच्या आणि बायकांना सेरेस देवीच्या पुजाऱ्यांचे कपडे चढवायचा प्रयत्न झाला. पर्पेतुआने साफ नकार दिला आणि गंमत म्हणजे ट्रिब्यूनने (लष्करी अधिकाऱ्याने) मान्य केलं. दोघी बायकांना आधी फक्त जाळ्यांत गुंडाळून आणलं. एक कोवळी पोर, दुसरी ओली बाळंतीण, छातीतून दूध गळतंय. हे बघून गर्दीलाच शरम वाटली. मग परत नेऊन झगे घातले. गायीने उडवल्यावर पर्पेतुआने फाटलेला झगा मांडीवर ओढला, केसांचा आकडा शोधून केस बांधले, कारण मोकळे केस म्हणजे सुतक, आणि उठून फेलिसितासला हात दिला. शेवटी तलवार आली ती एका नवशिक्याच्या हातात. पहिला वार हाडावर बसला, ती किंचाळली, आणि त्याचा थरथरणारा हात तिने स्वतःच धरून गळ्यावर नेला.

आता मुद्द्याचं. नंतरच्या काळात हीच कथा लहान करून पुन्हा लिहिली गेली आणि मध्ययुगात जास्त फिरली ती ती छोटी आवृत्तीच. तिच्यात पर्पेतुआ भर सुनावणीत बाळाला झिडकारते आणि आईबापाला 'दुष्कर्म करणाऱ्यांनो, दूर व्हा, मी तुम्हाला ओळखत नाही' असं सुनावते. मूळ लिखाणात यातलं काही म्हणजे काही नाही. तिथे ती बापासाठी तीन-तीनदा हळहळते. ज्यांनी तिला पूज्य केलं त्यांनाच ही हळहळ अडचणीची वाटली, असं माझं मत आहे. दगडाची मूर्ती घडवायची तर आधी दूध पुसावं लागतं.

---

चिंचोका
शुक्र, ०७/०३/२०२५ - ११:५८

वाचनखूण साठवली. एकच प्रश्न. नवरा कुठाय?

---

रानजाई
शुक्र, ०७/०३/२०२५ - १२:२०

@चिंचोका, हाच प्रश्न अभ्यासकांना शेकडो वर्षं छळतोय. रीतसर लग्न झालेली, एवढंच वाक्य आहे, नवऱ्याचं नाव नाही, उल्लेख नाही. मेला असेल, सोडून गेला असेल, धर्मापायी फाटलं असेल. सातुरुस हाच नवरा असावा असंही सुचवलं गेलंय. घोळ असा की रोमन कायद्याने मूल बापाच्या घराण्याचं, आणि इथे ते कायम आजोबांच्या कडेवर दिसतं. सासरचं कुणी मागायलाही येत नाही.

छोट्या आवृत्तीत नवरा आणून उभा केलाय, सासुरवाशिणीला शोभेल असा. म्हणजे ही उणीव तेव्हाच्या लोकांनाही खुपत होती.

---

दगडोबा
शुक्र, ०७/०३/२०२५ - १३:०५

लेख चांगला आहे, पण मला ही बाई थोर वगैरे वाटत नाही. चिमूटभर धूप टाकायचा होता. मनातल्या मनात काय मानायचं ते मानलं असतं, पोर आईविना राहिलं नसतं, म्हाताऱ्याने मार खाल्ला नसता. आपल्याकडे किती जणांनी वरून एक आणि आतून एक करून संसार केले. हट्टापायी दुधावरचं पोर टाकणं याला मी त्याग म्हणणार नाही. शिव्या घातल्या तरी चालतील.

---

सावली_दुपारची
शुक्र, ०७/०३/२०२५ - १४:३१

शिव्या कशाला? तिच्या बापाचंही हेच म्हणणं होतं.

मी बाळंतपणं करणारी डॉक्टर आहे, त्यामुळे माझं लक्ष भलतीकडेच गेलं. मूळ मजकूर इंग्रजीतून वाचलाय. सुनावणीनंतर ती डीकनला बाळ आणायला पाठवते आणि बाप द्यायला नकार देतो. यावर ती काय लिहिते? की देवाच्या इच्छेने बाळाने पुन्हा दूध मागितलं नाही आणि माझी छातीही दाटून आली नाही, त्यामुळे बाळाची काळजी आणि छातीचं दुखणं दोन्हींतून सुटले.

एकाएकी पाजणं थांबलं की काय होतं ते पुरुष लेखकाच्या डोक्यात सहसा येत नाही. दूध दाटतं, गाठी होतात, ताप भरतो, बाई कळवळते. वॉर्डात बाळ दगावलेल्या आयांचं हेच पहिलं दुखणं असतं, लोक रडण्याकडे बघतात आणि छातीकडे कुणी बघत नाही. मरणाची शिक्षा झालेली बाई त्या रात्री कशाची धास्ती घेऊन बसली होती ते या एका वाक्यात कळतं. मला तरी हे तिचंच वाटतं.

दगडोबा, हट्ट होता की नव्हता ते तुम्ही ठरवा, पण 'पोर टाकलं' म्हणू नका. ते तिने परत मागितलं होतं.

---

दगडोबा
शुक्र, ०७/०३/२०२५ - १४:५०

परत मागितलं ते तुरुंगात. बाहेर यायचा रस्ता उघडा असताना. माझा मुद्दा तिथेच आहे.

---

कुपारी
शुक्र, ०७/०३/२०२५ - १६:१७

रानजाई, छान लिहिलंय. आमच्याकडे वसईत ही नावं सगळ्यांच्या कानावरची, पण चेहरा कुणाला माहीत नाही. पास्काच्या (ईस्टरच्या) जागरणविधीत संतांची प्रार्थनामाला म्हणतात तेव्हा 'संत पर्पेच्युआ आणि फेलिसिटी' येतात, आपण 'आम्हांसाठी विनंती करा' म्हणतो आणि गाडी पुढे जाते. मिस्सातल्या (चर्चमधल्या मुख्य उपासनेतल्या) सगळ्यात जुन्या रोमन प्रार्थनेतही या दोघींची नावं आहेत, आगाथा, लुसिया, आग्नेस, सेसिलिया यांच्या जोडीला. फेलिसिटीचं नाव आधी, पर्पेच्युआचं नंतर.

सण मात्र झाकोळला जातो, कारण ७ मार्च बहुतेक वर्षी ईस्टरआधीच्या उपवासकाळात पडतो. आज तर तो काळ सुरू करणाऱ्या राखेच्या बुधवारनंतरचा पहिलाच शुक्रवार. त्यात मध्यंतरी ही तारीख थॉमस अक्वायनसला दिलेली. १९०८ मध्ये या दोघींना ६ मार्चला सरकवलं, १९६९ च्या दुरुस्तीत पुन्हा ७ ला आणलं. पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स मंडळीत १ फेब्रुवारी.

आमचा घरचा रक्तसाक्षी म्हणाल तर संत गोन्सालो गार्सिया, वसईतच जन्मलेला, ५ फेब्रुवारी १५९७ ला नागासाकीला क्रुसावर मारला गेला. त्याच्या नावाचं कॉलेज असल्यामुळे निदान इतर वसईकरांना तो ठाऊक आहे. पण त्याच्या आतलं काय चाललं होतं ते आपल्यापर्यंत नाही पोहोचलं. या बाईचं पोहोचलं, हेच नवल.

---

शंकेखोर
शुक्र, ०७/०३/२०२५ - १८:४४

नेहमीप्रमाणे पाणी ओतायला आलो आहे. ही डायरी खरी कशावरून? हस्तलिखितं कितव्या शतकातली? तिच्या मागेपुढे दुसऱ्याच माणसाचा मजकूर आहे, त्या माणसाचा स्पष्ट हेतू आहे (प्रस्तावनेत तो सांगतो की नवे साक्षात्कारही जुन्यांइतकेच मोलाचे), आणि 'ती म्हणाली म्हणून मी जसंच्या तसं देतोय' असं तोच म्हणतो. असं म्हणून स्वतःच लिहिणारे लोक साहित्यात काय कमी आहेत?

---

रानजाई
शुक्र, ०७/०३/२०२५ - १९:३०

शंका रास्त आहे. हस्तलिखितं अर्थातच पुष्कळ नंतरची. लांब लॅटिन पाठ होल्स्टेनियस नावाच्या अभ्यासकाला इटलीत मोंते कास्सिनोच्या मठात मिळाला आणि १७ व्या शतकात छापला गेला. ग्रीक पाठ १८८९ मध्ये जेरुसलेमला सापडला, तेव्हा मूळ कुठलं यावर बरीच जुंपली. आता लॅटिनच आधीचं असं बहुतेक जण मानतात.

खरेपणाच्या बाजूने पहिली गोष्ट भाषा. तिचा भाग, सातुरुसच्या स्वप्नाचा भाग आणि संपादकाचा भाग यांच्या वाक्यांची ठेवण वेगवेगळी आहे. संपादक अलंकारिक लिहितो, ती साधं, तुटक, 'आणि... आणि' करत. दुसरं म्हणजे तेर्तुलियन, तिच्याच गावचा आणि तिच्याच काळातला, तिच्या स्वप्नाचा उल्लेख करतो. म्हणजे मजकूर लगेचच फिरत होता. तिसरं सावलीताईंनी सांगितलंच.

प्रस्तावनेतल्या नव्या साक्षात्कारांच्या सुरावरून ही सगळी मंडळी मोंतानुसच्या, नव्या साक्षात्कारांना मानणाऱ्या, पंथातली असावीत असा तर्क आहे. मला संपादकापुरता तो पटतो, तिच्यापुरता नाही.

---

पानवाला_इतिहासाचा
शुक्र, ०७/०३/२०२५ - २१:१२

एक पान माझ्याकडून. हे खेळ कशासाठी होते? सेव्हेरसचा धाकटा मुलगा गेटा, त्याच्या वाढदिवसानिमित्त. पर्पेतुआने ही गोष्ट फार झकास वापरली. तुरुंगाचा ट्रिब्यून या लोकांना उपाशी मारत होता, कारण कुणीतरी त्याच्या डोक्यात भरवलं होतं की हे मंतरबिंतर करून पळून जातील. ती त्याला तोंडावर म्हणाली, अहो, आम्ही सीझरच्या वाढदिवसाला झुंजणारे नामांकित कैदी, आम्ही जरा धष्टपुष्ट दिसलो तर तुमचंच नाव होईल ना? तो चरकला आणि ओशाळला. जेवणखाण सुधारलं, नातेवाइकांना भेटू देऊ लागले.

आता गेटाचं पुढे काय झालं ते बघा. बाप २११ मध्ये मेला, त्याच वर्षाच्या शेवटी मोठ्या भावाने, काराकालाने, गेटाला आईच्या कुशीत मारून टाकलं आणि साम्राज्यभर त्याचं नाव खोडायचा हुकूम काढला. रोमच्या फोरममध्ये सेव्हेरसची कमान आजही आहे, पर्पेतुआ मेली त्याच २०३ सालची. त्या कमानीवरच्या लेखातून गेटाचं नाव छिनून काढून तिथे दुसरे शब्द भरलेत. ज्याच्या वाढदिवसाला हिला मारलं त्याचं नाव सरकारने खोडलं.

---

चिंचोका
शुक्र, ०७/०३/२०२५ - २१:२०

हा किस्सा लेखात हवा होता. _/\_

---

माळरान
शनि, ०८/०३/२०२५ - ०९:०३

सगळी चर्चा पर्पेतुआवर. धाग्याचं शीर्षकही तिचंच. मला फेलिसितासबद्दल बोलायचंय.

एकीकडे शिकलेली, पैसेवाल्या घरची, बाप धावून येतोय, भाऊ भेटायला येतोय, हातात लिहिण्याचं साहित्य. दुसरीकडे गुलाम बाई, आठवा महिना, भेटायला कोण आलं याची नोंद नाही. गर्भार बाईला मारायचं नाही असा रोमन नियम होता, म्हणून हिची भीती उलटीच: आपल्याला मागे ठेवतील आणि नंतर भलत्याच खुन्या-दरोडेखोरांबरोबर मारतील. सोबत्यांनी प्रार्थना केली आणि खेळांच्या थोडं आधी कळा सुरू झाल्या. आठव्या महिन्यातलं बाळंतपण, कळवळत होती. तुरुंगातला एक नोकर म्हणाला, आत्ताच एवढी ओरडतेस, जनावरांपुढे टाकल्यावर काय करशील? तिचं उत्तर असं: आत्ता जे सोसतेय ते माझं मी सोसतेय, तिथे माझ्या आत दुसरा कुणी असेल तो माझ्यासाठी सोसेल, कारण मीही त्याच्यासाठी सोसणार आहे.

सगळ्या मजकुरात तिच्या तोंडचं म्हणून मिळतं ते एवढंच. मुलगी झाली, ती कुणा ख्रिस्ती बहिणीने आपली म्हणून वाढवली. आता कायद्याने गुलाम बाईचं मूल मालकाच्या मालकीचं. तो मालक कोण, त्याने पोर सोडलं कसं, कुणाला विचारावंसंही वाटलं नाही.

आणि हो, ती पर्पेतुआची मोलकरीण होती असं जिथे तिथे वाचायला मिळतं. मूळात तसं नाही. रेवोकातुसबरोबरची गुलाम, इतकंच आहे. मालकीण-मोलकरणीची जोडी नंतरच्यांनी जुळवली, कारण ती चित्रात बरी दिसते.

---

रानजाई
शनि, ०८/०३/२०२५ - ०९:४०

माळरान, यावर माझ्याकडे प्रतिवाद नाही, भर आहे. छोट्या आवृत्तीत फेलिसितासला जास्त बोलायला दिलंय. अधिकारी विचारतो, नवरा आहे? ती म्हणते, आहे, पण आता त्याला मी कस्पटासमान लेखते. म्हणजे बोलायला दिलं तेही असलं.

आफ्रिकेतल्याच बिशप ऑगस्टीनच्या वेळी, दोनशे वर्षांनंतर, आफ्रिकेत यांच्या दिवशी हा मजकूर चर्चमध्ये वाचला जायचा आणि त्यावरची त्याची प्रवचनं शिल्लक आहेत. सोबत पुरुषही मेले, मग सण दोन बायकांच्याच नावाने का, असा प्रश्न तो स्वतःच काढतो. उत्तर: बायका मुळात दुबळ्या, म्हणून त्यांचा विजय जास्त नवलाचा. महिला दिनाच्या शुभेच्छा.

---

संपादक
शनि, ०८/०३/२०२५ - ११:१५

विषयाशी संबंध नसलेले काही प्रतिसाद उडवले आहेत. आजच्या धर्मांतराच्या राजकारणावर वेगळे धागे वाहते आहेत, तिथे जावे. या धाग्याचा न संपणारा वाद करू नये.

---

मुक्काम_पोस्ट
शनि, ०८/०३/२०२५ - १५:२६

कामानिमित्त ट्युनिसला राहिलो आहे, तेव्हा थोडं जागेबद्दल. ट्युनिसहून ला मार्साला जाणारी छोटी लोकल आहे, तिने कार्थेजला जाता येतं. स्टेशनांना हॅनिबल, हामिल्कार अशी नावं. लोक स्नानगृहांचे अवशेष आणि बिर्साची टेकडी बघून परततात. अँफिथिएटर समुद्रापासून आत, ला मालगाच्या पाण्याच्या प्रचंड टाक्यांच्या बाजूला. रोमचं कलोसियम डोळ्यासमोर ठेवून गेलात तर निराश व्हाल. वरचे दगड शतकानुशतकं लोकांनी घरांसाठी नेले. उरलाय तो जमिनीलगतचा लंबगोल खड्डा, खालच्या भिंती आणि भोवती झाडं. आत फ्रेंच काळात पाद्र्यांनी या हुतात्म्यांसाठी केलेलं एक छोटं प्रार्थनास्थळ आहे.

पण खेळ इथेच झाले याची खात्री नाही. मजकुरात ते लष्करी छावणीचे खेळ होते असं म्हटलंय, आणि छावणीचं रिंगण वेगळं असू शकतं.

त्यापेक्षा भक्कम पुरावा ठरतो तो शिलालेख. पाचव्या शतकातला एक लेखक सांगतो की या मंडळींचं दफन कार्थेजच्या बासिलिका मायोरुममध्ये आहे. १९०७ मध्ये फादर देलात्र यांना म्सिद्फा नावाच्या जागी एका मोठ्या बासिलिकेचे अवशेष मिळाले आणि तिथे तुकडे-तुकडे जोडून सातुरुस, सातुर्निनुस, रेवोकातुस, सेकुंदुलुस, फेलिसितास, पर्पेतुआ ही नावं आणि मार्चमधली तारीख वाचता आली. शिलालेख मृत्यूनंतर बऱ्याच काळाने कोरलेला आहे, हे शंकेखोर सांगायच्या आत मीच सांगतो.

चेहरे बघायचे तर इटलीत राव्हेन्नाला जा. तिथे आर्चबिशपच्या खासगी प्रार्थनागृहात सहाव्या शतकातल्या मोझॅइकमध्ये दोघींची गोल चित्रं आहेत. अर्थात कारागिराने त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

---

कुपारी
शनि, ०८/०३/२०२५ - १७:०८

सातुरुसच्या स्वप्नाबद्दल कुणीच लिहिलं नाही, ते तर मला सगळ्यात आवडलं. मेल्यावर चार देवदूत त्याला आणि पर्पेच्युआला पूर्वेकडे उचलून नेतात. बाग, सुरूइतकी उंच गुलाबाची झाडं. आणि बाहेर पडतात तर दाराशी कोण? बिशप ओप्तातुस एका बाजूला, पुरोहित आस्पासिउस दुसऱ्या बाजूला, दोघांचं बिनसलेलं, चेहरे पडलेले. तेच या दोघांच्या पाया पडतात, की आमच्यात समेट करून द्या. पर्पेच्युआ त्यांच्याशी ग्रीकमध्ये बोलायला लागते. देवदूत बिशपला झापतात, तुझ्या माणसांना सुधार, तुझ्याकडे येतात ती रथांच्या शर्यतीतून भांडत आल्यासारखी.

बिशप आणि फादरांची भांडणं स्वर्गाच्या फाटकापर्यंत गेली होती आणि ती सोडवायला एका २२ वर्षांच्या कैदी बाईची गरज लागली. आमच्या पॅरिशच्या सभेत हे एकदा वाचून दाखवायला पाहिजे.

---

चिंचोका
शनि, ०८/०३/२०२५ - १७:३३

मेलो =)) आणि धाकट्या भावाचं स्वप्न काय आहे? कुठेतरी ओझरतं वाचलं होतं.

---

रानजाई
शनि, ०८/०३/२०२५ - १८:१५

दिनोक्रातेस. सात वर्षांचा असताना चेहऱ्यावरच्या भयंकर जखमेने गेला होता, लोकांना किळस यावी असा. तुरुंगात प्रार्थना करताना अचानक त्याचं नाव तिच्या तोंडून निघतं. स्वप्नात तो काळोखातून येतो, तहानलेला, जखम तशीच. समोर पाण्याचं कुंड आहे पण काठ त्याच्या उंचीच्या वर, टाचा उंचावूनही पोचत नाही. ती रोज त्याच्यासाठी रडून प्रार्थना करते. काही दिवसांनी पुन्हा स्वप्न: तो स्वच्छ, जखमेच्या जागी नुसता व्रण, कुंडाचा काठ बेंबीपर्यंत खाली आलेला, काठावर सोन्याचा वाडगा, पोटभर पाणी पितो आणि मुलांसारखा खेळायला पळतो.

धर्मपंडितांची यावरून पंचाईत झाली. बाप्तिस्मा न झालेलं मूल प्रार्थनेने सुटलं, असं काहींनी यातून काढलं. ऑगस्टीनने दोन गोष्टी सांगितल्या: एक, हा मजकूर म्हणजे काही बायबल नव्हे, दोन, पोराचा बाप्तिस्मा झालेलाच असणार आणि सातव्या वर्षी त्याने काहीतरी पाप केलं असणार. सात वर्षांच्या पोराचं पाप शोधून काढणारा ऑगस्टीन मला अजिबात आवडला नाही.

---

शंकेखोर
रवि, ०९/०३/२०२५ - १०:०२

सगळं वाचलं. सावलीताईंचा दुधाचा मुद्दा मला हलवून गेला, मान्य. पण शेवटच्या स्वप्नावर माझा संशय आहे. खेळांच्या आदल्या दिवशी तिला नेमकं स्वप्न पडतं की रिंगणात एक धिप्पाड इजिप्शियन समोर आहे, तिचे कपडे उतरवले जातात, ती पुरुष होते, त्याला लोळवून डोक्यावर पाय देते, सोन्याची सफरचंदं लागलेली फांदी बक्षीस मिळते आणि ती जिवंत सुटणाऱ्यांच्या दाराकडे चालू लागते. वर लगेच अर्थही सांगते, झुंज जनावरांशी नव्हे, सैतानाशी आहे. फारच बेतीव आहे हे. इथे संपादकाचा हात फिरलाय असं मला वाटतं.

---

रानजाई
रवि, ०९/०३/२०२५ - ११:२५

मला उलट वाटतं. संपादकाला बेतायचं असतं तर त्याने तिच्यावर गाय सोडली असती, कारण प्रत्यक्षात तेच झालं. लिहिताना तिला आपल्यापुढे कुठलं जनावर येणार हे माहीत नव्हतं, आणि ते तिच्या मजकुरात दिसतं. स्वप्नातही आपल्यावर जनावर सोडलं नाही याचं तिला आश्चर्य वाटतं. उद्या जनावरांपुढे जायचंय हे ठाऊक असलेल्या माणसालाच हे आश्चर्य वाटणार. शिवाय बाईचा पुरुष होणं, अंगाला तेल चोळून घेणं, हे कुठला सोवळा संपादक मुद्दाम घालील? पुढच्या लोकांना तर ते झाकता झाकता पुरेवाट झाली.

गायीबद्दल संपादक स्वतः काय म्हणतो तेही बघा. सैतानाने बायकांच्या जातीला साजेशी म्हणून मादी जनावर निवडलं, असं त्याचं स्पष्टीकरण. त्याचं डोकं असं चालतं. ते स्वप्न त्याच्या डोक्यातून निघालेलं असेल यावर माझा विश्वास बसत नाही.

---

शंकेखोर
रवि, ०९/०३/२०२५ - ११:५१

गायीचा मुद्दा चांगला आहे, सफरचंदांचा नाही. तसली बक्षिसं कार्थेजच्या खऱ्या स्पर्धांत असायची का ते बघून सांगतो. तोवर माझा संशय कायम.